हित नसणे आणि रस नसणे

आग्रही : इंग्रजीतले ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ हे शब्द दिसायला जुळे असले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. एखाद्या गोष्टीत ज्याला गोडी नाही, तिच्याकडे ज्याचे लक्षच नाही, तो अनइंटरेस्टेड. निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी ज्याच्या पदरात काही पडणार नाही आणि ज्याचे काही जाणारही नाही, तो डिसइंटरेस्टेड. हा फरक मुळात ‘इंटरेस्ट’ या शब्दातूनच येतो. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाला इंग्रजीत आधी हक्क, वाटा, हितसंबंध हे अर्थ होते. पैशावरचे व्याजही त्याच कुळातले. कुतूहल किंवा आवड हा आज सर्वांना आधी आठवणारा अर्थ बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकात रुळला. ‘डिस’ने हिताला नकार दिला आणि ‘अन’ने आवडीला.

दोन्ही नकार एकत्र नांदतीलच असे नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांची कसोटी झाली, तेव्हा दोन्ही पंच भारतातून बोलावले होते : मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. यजमान देशाचेच पंच उभे राहण्याची तोवरची रीत बाजूला ठेवून केलेला तो प्रयोग होता. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशाचे असावेत असा आंतरराष्ट्रीय दंडकच झाला. अशा पंचाला सामना कोण जिंकतो याच्याशी देणेघेणे नसावे. पण चेंडू बॅटची कड घेऊन गेला की पॅडला चाटून गेला, याकडे मात्र त्याचे पंचप्राण लागलेले असावेत. त्याने डिसइंटरेस्टेड असलेच पाहिजे, आणि अनइंटरेस्टेड असला तर त्याला मैदानात उभे करू नये. दोन शब्दांची सरमिसळ केली की पंचाचा सर्वात मोठा गुण आणि सर्वात मोठा दोष एकाच नावाने ओळखला जाऊ लागतो.

साशंक : पंचाचा दाखला चोख आहे. पण त्यातून दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढेच सिद्ध होते. त्या दोन गोष्टींची नावे ठरलेली आहेत हे सिद्ध होत नाही. नावांचा इतिहास उलटाच दिसतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘डिसइंटरेस्टेड’चा सर्वात जुना दाखला जॉन डन यांचा आहे. डन १६३१ मध्ये वारले. आत्महत्येच्या प्रश्नावरचा त्यांचा ‘बायाथॅनॅटोस’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्या दाखल्यातला शब्द कोशकारांनी ‘पर्वा नसलेला’ या अर्थाखाली नोंदवला आहे. उलट ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द सतराव्या शतकात प्रथम भेटतो तो निःपक्षपाती या अर्थाने. म्हणजे आज ज्याला चूक म्हणतात तोच वापर जुना, आणि ज्याला शुद्ध म्हणतात तो अदलाबदलीनंतर आलेला. जे शब्द एकदा जागा बदलून बसले, ते पुन्हा उठले तर त्यांना कोणत्या अधिकाराने अडवायचे?

आग्रही : जुनेपणाच्या अधिकाराने नव्हेच. डन यांचा तो एकटा दाखला दोन्हीकडे वळवता येतो, हा वाद इथे बाजूला ठेवला तरी चालेल. शब्दाचा पहिला वापर म्हणजे त्याचा अर्थ असे मानले तर कुठलीच भाषा बोलता येणार नाही. अधिकार येतो तो पुढच्या पिढ्यांनी त्या शब्दाकडून काय काम करून घेतले यातून. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात ‘डिसइंटरेस्टेड’चा अर्थ खासगी लाभाच्या विचारापलीकडे गेलेला, असा दिला. विल्यम हॅझलिट यांचा १८०५ चा पहिला ग्रंथ माणसाचे मन स्वभावतःच निःस्वार्थी असते असे मांडतो आणि उपशीर्षकात हाच शब्द वापरतो. मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८६४ मध्ये समीक्षेच्या कार्यावर लिहिताना समीक्षकाचा पहिला गुण म्हणून ‘डिसइंटरेस्टेडनेस’ सांगितला : पक्ष, पंथ, तात्कालिक लाभ यांच्या ओढीपासून बुद्धी मोकळी ठेवणे. इमॅन्युएल कांट यांच्या १७९० च्या ग्रंथातली सौंदर्याच्या आनंदाची कल्पना इंग्रजीत आली ती याच शब्दाच्या खांद्यावर. फूल सुंदर वाटणे आणि ते आपल्या मालकीचे असावेसे वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आनंदात हव्यास नसतो. मराठीत रा. भा. पाटणकरांनी कांटचा हा विचार सविस्तर उलगडला आहे. ज्या शब्दावर नीतिशास्त्र, समीक्षा आणि सौंदर्यशास्त्र यांतला एवढा विचार उभा आहे, तो ‘कंटाळलेला’ या अर्थाच्या दहा शब्दांत अकरावा म्हणून खर्ची घालणे ही उधळपट्टी आहे.

साशंक : ही हानी खरी असती, तर वाचकांचा गोंधळ उडालेला दिसला असता. ‘डिसइंटरेस्टेड’ न्यायाधीश म्हटले की कुणाला जांभया देणारा न्यायाधीश आठवत नाही. मागच्या बाकावरच्या ‘डिसइंटरेस्टेड’ विद्यार्थ्यांना कुणी निःस्वार्थी समजत नाही. शेजारचे शब्द अर्थ ठरवून देतात. इंग्रजीत असे दुहेरी शब्द ढिगाने आहेत आणि भाषा अडलेली नाही.

शिवाय सरमिसळ आळसातून झाली असे मानायचे कारण नाही. तिच्यामागे भाषेची एक अडचण आहे. ‘अनइंटरेस्टेड’ला सोयीचे नाम नाही. ‘अनइंटरेस्ट’ हे रूप क्वचितच कानावर पडते. लोकांची अनास्था असे इंग्रजीत नामाने सांगायचे झाले की लिहिणारा ‘डिसइंटरेस्ट’कडे वळतो, आणि त्याला कुणी फारसे हटकतही नाही. नाम ज्या अर्थाने चालले, त्याच अर्थाने विशेषणही चालू लागले तर नवल नाही. दुसरे कारण उपसर्गाचे. ‘डिस’ने सुरू होणाऱ्या अनेक शब्दांत आधी असलेले काही तरी नाहीसे होण्याची छटा असते, मोहभंग, असंतोष, भ्रमनिरास सांगणारे इंग्रजी शब्द याच घडणीचे. त्यामुळे काही लेखक ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला कधीच गोडी नव्हती तो, आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याची गोडी आटली तो, असा भेद करतात. तोही भेदच आहे, आणि बारीक आहे. मेरियम-वेबस्टरसारखा कोश ‘डिसइंटरेस्टेड’चे निःस्वार्थी आणि गोडी नसलेला असे दोन्ही अर्थ नोंदवतो. ज्यांना भेद नको म्हणून दोष दिला जातो, त्यांनी एका भेदाच्या जागी दुसरा आणला आहे.

आग्रही : नामाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, सरमिसळ कुठून शिरली हे त्याने कळते. पण शेजारचे शब्द नेहमी वाचवतात हे खरे नाही. न्यायाधीश आणि विद्यार्थी ही सोपी उदाहरणे आहेत. जिथे विचार स्वतःच नाजूक असतो तिथे संदर्भ हात वर करतो. गीतेवरच्या इंग्रजी लेखनात निष्काम कर्मासाठी ‘डिसइंटरेस्टेड अ‍ॅक्शन’ हा प्रयोग रूढ आहे. जुन्या अर्थाने तो अचूक आहे : फळातला आपला वाटा सोडून केलेले कर्म. नव्या अर्थाने वाचणाऱ्याला तेच शब्द सांगतात की काम करा, पण मन न लावता करा. वाक्य कुठेच अडत नाही, व्याकरण बिघडत नाही, शेजारचा एकही शब्द धोक्याची सूचना देत नाही, आणि शिकवण मात्र उलटी पोचते. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आपली सगळी ताकद लावली ती फलाची आसक्ती सोडणे म्हणजे कर्म सोडणे नव्हे हे पटवण्यासाठी. मराठी वाचकाला ते समजावायला एवढा मोठा ग्रंथ लागला. परदेशातल्या, इंग्रजीतूनच गीता वाचणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला त्या एका विशेषणावर विसंबावे लागते. जो गोंधळ मोठ्याने ओरडतो तो दुरुस्त होतो; हा मुकाट्याने होणारा आहे.

साशंक : गीतेचा उल्लेख आलाच आहे, तर तिथल्याच एका शब्दाचे उदाहरण घ्यावे. ‘उदासीन’ म्हणजे मुळात वर, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात विजिगीषू, अरी, मध्यम यांच्याबरोबर उदासीन राजा येतो, आणि तो दुबळा किंवा बेफिकीर नसतो. झगड्याबाहेर असलेला समर्थ राजा असतो. गीतेतही उदासीन म्हणजे पक्ष न घेणारा, गुणांच्या खेळाने न ढळणारा. आज मराठीत रस्त्याच्या कामाबद्दल प्रशासन उदासीन आहे, मतदार उदासीन आहेत असे म्हटले जाते, तेव्हा ती तक्रार असते. ‘डिसइंटरेस्टेड’ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने ‘उदासीन’ आधीच जाऊन आला. त्याने मराठीचे काय बिघडले? निःपक्षपाती, तटस्थ, त्रयस्थ, अलिप्त, निरपेक्ष असे शब्द पुढे झाले आणि त्यांनी जागा भरली. शब्द गेला, कल्पना राहिली. इंग्रजीतही ‘इम्पार्शल’, ‘अनबायस्ड’, ‘न्यूट्रल’ आहेतच.

आग्रही : ‘उदासीन’चे उदाहरण उलट बाजूने साक्ष देते. गीतेच्या सहाव्या अध्यायात उदासीन आणि मध्यस्थ हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. शंकराचार्यांनी भाष्यात त्यांचा भेद सांगितला : उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचेही हित चिंततो. एक बाहेर उभा आहे, दुसरा मध्ये उभा आहे. आजच्या मराठीत हा भेद दोन सुट्या शब्दांत सांगता येत नाही, भाष्यकाराचे वाक्य उसने घ्यावे लागते. जागा भरली म्हणायची तर ‘तटस्थ’ही आता काठावर बसून गंमत पाहणारा या अर्थाकडे घसरतो आहे. भल्या अर्थाचा शब्द बेपर्वाईकडे ओढला जाणे हा जणू या जातीच्या शब्दांना लागलेला उतार आहे. म्हणूनच त्यांना धरून ठेवणाऱ्यांची गरज आहे.

इंग्रजीतले पर्यायी शब्दही तंतोतंत जागा भरत नाहीत. दोन मुलांच्या भांडणात न्याय करणारी आई ‘इम्पार्शल’ असू शकते, ‘डिसइंटरेस्टेड’ कधीच नसते. दोघांचेही बरेवाईट तिला लागते. उलट ज्याचा दमडीचाही संबंध नाही असा माणूस एखाद्या जातीबद्दल किंवा गावाबद्दल मनात अढी ठेवून असू शकतो. तो ‘डिसइंटरेस्टेड’ आहे, ‘इम्पार्शल’ नाही. एक शब्द माणसाची परिस्थिती सांगतो, दुसरा त्याची वृत्ती. परिस्थिती बाहेरून तपासता येते, वृत्ती तपासता येत नाही. म्हणून कायद्याचा भर परिस्थितीवर असतो. ग्रामपंचायतीच्या कामात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वाटा वा हितसंबंध आहे, त्याला महाराष्ट्रातल्या १९५८ च्या अधिनियमाचे कलम १४ सदस्य म्हणून राहू देत नाही. गटाराचे काम त्याने मनापासून, उत्तम केले का, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही.

साशंक : कायद्याने मात्र हा शब्द कुठे जपला? २०१३ च्या कंपनी कायद्यात ‘इंटरेस्टेड डायरेक्टर’ची व्याख्या आहे. ज्या करारात संचालकाचे हित आहे त्या विषयावरच्या बैठकीत त्याने भाग घेऊ नये असा नियम आहे. आणि उरलेल्या संचालकांचा उल्लेख करायची वेळ येते तेव्हा कायदा ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणत नाही. जे ‘इंटरेस्टेड’ नाहीत ते, असे सरळ लिहितो. १९९६ च्या लवाद कायद्यात लवादाकडून स्वातंत्र्य आणि निःपक्षपातीपणा अशा दोन गोष्टी वेगळ्या शब्दांनी मागितल्या आहेत. मसुदा करणाऱ्यांना एका नाजूक विशेषणापेक्षा लांब पण ठाम वाक्य बरे वाटले.

आग्रही : मसुद्यात नसेल, पण ज्या भेदावर तो शब्द उभा आहे त्या भेदावर माणसांचे दैव अवलंबून असते. खुनाच्या खटल्यात मृताच्या पत्नीची साक्ष हा नेहमीचा प्रसंग. घटना घरात किंवा अंगणात घडते, पाहणारी तीच असते. बचाव पक्ष म्हणतो, ती ‘इंटरेस्टेड’ साक्षीदार आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नका. राजस्थान राज्य विरुद्ध कल्की या प्रकरणात उच्च न्यायालयाने असाच विचार करून पत्नीची साक्ष बाजूला सारली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते अमान्य केले. नात्यातली असणे आणि हितसंबंधी असणे एक नव्हे. खटल्याच्या निकालातून ज्याला काही लाभ होतो, दिवाणी दाव्यात हुकूमनामा मिळतो किंवा आरोपीला शिक्षा झालेली पाहण्यात ज्याचा मतलब आहे, तो हितसंबंधी. जिने प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि जी त्याची स्वाभाविक साक्षीदार आहे, तिला ते लेबल लावता येत नाही. खरा गुन्हेगार सोडून भलत्याला गुंतवण्याचे जवळच्या नातेवाइकाला कारण नसते, हा विचार त्याआधी १९५३ च्या दलीप सिंग प्रकरणातही आला होता. त्या पत्नीइतका ‘इंटरेस्ट’ कुणाचा असेल? तिचे सगळे आयुष्य त्या घटनेने उलटेपालटे झाले आहे. तरीही कायद्याच्या अर्थाने तिला ‘इंटरेस्टेड’ म्हणता येत नाही. हा भेद ज्याला कळला नाही त्याने एका विधवेला खोटी ठरवले असते.

साशंक : या प्रकरणात भेदाचे बळ दिसते, आणि त्याची फटही तिथेच दिसते. आरोपीला शिक्षा व्हावी असे वाटणे हेही हितातच मोजले आहे. शिक्षेने हातात पैसा पडत नाही. ती इच्छा आहे, भावना आहे. म्हणजे रसाचा एक प्रकार हिताच्या घरात येऊन बसलेला आहेच.

इंग्लंडमधल्या दोन प्रकरणांत हा प्रवास ठळक होतो. १८५२ मध्ये डाइम्स विरुद्ध ग्रँड जंक्शन कॅनॉल या खटल्यात लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांचा हुकूम रद्द झाला, कारण कालवा कंपनीत त्यांचे समभाग होते. त्या समभागांचा त्यांच्यावर तीळमात्र परिणाम झाला असेल असे कुणीच मानले नाही. तरी हुकूम टिकला नाही. तिथे हित म्हणजे पैसा, आणि रेघ स्वच्छ. नोव्हेंबर १९९८ मध्ये चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांना प्रत्यार्पणाविरुद्ध संरक्षण नाही, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी दिला. बहुमतातले लॉर्ड हॉफमन हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलशी जोडलेल्या एका धर्मादाय संस्थेचे विनावेतन संचालक होते, आणि अ‍ॅम्नेस्टी त्या खटल्यात बाजू मांडत होती. पुढच्याच महिन्यात लॉर्ड्सने आपलाच निकाल रद्द केला. या वेळी पैशाचा प्रश्न नव्हता. एका कार्याशी असलेली बांधिलकी हेच हित ठरले. कार्याबद्दलची आस्था ज्या क्षणी हित ठरते, त्या क्षणी दोन शब्दांमधली भिंत पातळ होते. सामान्य बोलणारा दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतो त्यात अज्ञान असेल; पण आतले पदार्थही एकमेकांत झिरपतात, हेही त्याला कुठे तरी जाणवत असेल.

आग्रही : ही हरकत आतापर्यंतच्या हरकतींपेक्षा जड आहे. झिरपणे मान्य केले तरी ते एकाच दिशेने होते हे पाहावे लागेल. आस्था वाढत वाढत हित होऊ शकते. पण हित नसणे वाढून अनास्था होत नाही. हॉफमन यांनी बाजूला व्हायला हवे होते, एवढेच लॉर्ड्सनी म्हटले. मानवी हक्कांत ज्याला गम्य नाही असा न्यायाधीश शोधा, असे म्हटले नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये विज्ञानाचे चार संकेत मांडले, त्यांत ‘डिसइंटरेस्टेडनेस’ हा एक होता. शास्त्रज्ञाच्या मनात ओढ, ईर्ष्या, कुतूहल नसते असे मर्टन यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा रोख व्यवस्थेवर होता : निष्कर्ष समव्यवसायींसमोर तपासणीला ठेवावा लागतो, त्यामुळे व्यक्तीच्या मतलबाला वाव उरत नाही. ज्ञानाची तहान आणि मतलबाचा अभाव एकत्र असायला हवेत, हे सांगण्यासाठी त्यांना हाच शब्द लागला.

साशंक : मतलब म्हणजे काय, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. औषध कंपनीकडून मानधन घेणाऱ्या संशोधकाचे हित उघड आहे. पण ज्याने उभे आयुष्य एकच सिद्धान्त मांडण्यात घालवले, पैसा घेतला नाही, पदाची हाव धरली नाही, त्याच्यापुढे त्या सिद्धान्ताविरुद्धचा निबंध परीक्षणासाठी आला तर? निबंध खोटा ठरला तर त्याला खिशात काही मिळणार नाही. तरी त्याला ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणायला जीभ कचरते.

आग्रही : जीभ कचरते याचा अर्थ शब्दाला अजून धार आहे. शब्द बोथट झाला असता तर तो लावताना कुणीच थांबले नसते. मात्र त्या परीक्षकाला दूर ठेवायचे म्हटले, तर त्या विषयात खोल गेलेला प्रत्येक जण दूर ठेवावा लागेल. मग परीक्षणाला उरतील ते ज्यांना त्या विषयात काही वाटतच नाही, म्हणजे अनइंटरेस्टेड. हित शब्दाचा परीघ फार वाढवला तर हा अनर्थ ओढवतो.

साशंक : आणि फार आवळला तर विचारांचा अभिमान, गुरुपरंपरा, जुने वैर हे सगळे निर्दोष म्हणून आत येते. आज वैद्यकीय आणि वैज्ञानिक नियतकालिके निबंध स्वीकारताना लेखकाकडून हितसंबंधांचे निवेदन मागतात. पैशाचे संबंध लिहायला सांगतातच. काही जण व्यक्तिगत, राजकीय, बौद्धिक बांधिलकीही नोंदवायला सांगतात. ठाम मत असणे हे हित मानावे की नाही, यावर त्या क्षेत्रात खुला वाद आहे. एक बाजू म्हणते की मते सगळ्यांनाच असतात, त्यांना हित म्हटले तर पैशाच्या हिताकडचे लक्ष उडेल. दुसरी बाजू म्हणते की सर्वात घट्ट हित मतांचेच असते.

आग्रही : त्या वादातली पहिली बाजू भेद राखते.

साशंक : दुसरी बाजूही भेद राखते, रेघ कुठे ओढायची एवढ्यापुरतीच ती वेगळी आहे. ती रेघ अजून ठरलेली नाही, आणि कोशातल्या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्याने ती ठरणार नाही.